अस्तर

पापाच्या तिकटीवरून गंगावेशीकडं निघालं की
डाव्या हाताला, जिन्याखाली, माझं दुकान.
साडेसहा बाय नऊ. त्यात मी, पायमशीन, इस्त्री,
चौतीस मापवह्या,
आणि आता हे.

भाचीनं आणून ठेवलं, मृणालीनं.
एकोणीसच्या पुरात फुगलेल्या दोन वह्यांची पानं
ब्लेडनं सोडवली, सगळ्यांचे फोटो काढले,
म्हणाली, मावशी, आता पानं उलटायची न्हाईत. विचारायचं.

मी पहिलं हे विचारलं:
ह्यातलं बाहेर कुठं जातंय काय?

कारण वहीत नुसती छाती, कंबर, मुंढा, पाठ नसते.
कडेला माझ्या खुणा असतात.
फुली म्हणजे दिवस गेलेत, घरात अजून सांगितलं नाही,
शिवणीत दाब जास्त सोड.
टिंब म्हणजे बाही कोपराखाली, दंडावर वळ आहे.
आमच्या पेठेतल्या बायका डॉक्टरच्या आधी
टेपला सांगतात.

तिनं मागची वायर उपटून माझ्या हातात दिली.
"हे घे, नेट. आता तुझ्याकडं."
मी ती हुकांच्या डब्यात ठेवली, काळ्या हुकांखाली,
आणि विचारलं, डावा खांदा उतरता कुणाकुणाचा?
आतला पंखा घरघरला.
तीन नावं आली, वही-पानासकट.
दोन मी विसरले होते.
तिसरं माझं.

चुकतंही. माझा नऊ त्याला एक वाटतो.
परीट गल्लीतल्या काकूंची एकोणचाळीस कंबर
एकतीस सांगून बसलं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या,
ऱ्हाऊ दे तसंच, दुरुस्त नको करूस.

परवा विजयमालाबाईंची वर्षाराणी आली, पुण्याहून,
आईच्या वर्षश्राद्धाला.
पिशवीतून मोरपंखी खण काढला. कोरा, घडी पिवळी पडलेला.
"ह्याचा ब्लाउज शिवा. आईच्याच मापाचा.
मला घालायचा नाही. ठेवायचाय."

मी विचारलं. पंखा घरघरला.
वही एकोणीस, पान आठ. अठ्ठ्याण्णव, श्रावण.
छाती छत्तीस.
खाली माझंच अक्षर, पेन्सिलीचं:
उजवीकडं आतनं कापसाची कटोरी. अस्तर दुहेरी.
कुणाला बोलायचं नाही.

पडद्याचं तोंड माझ्याकडं होतं.
वर्षाराणी पलीकडं, स्टुलावर, सांगत होती,
आई फार जुन्या वळणाची हो,
लेकीसमोरसुद्धा कधी पदर ढळू दिला नाही.

मला मिरजेचा दवाखाना आठवला,
बाई एकट्याच एसटीनं जाऊन आलेल्या.
मला हेही आठवलं की अशी दुखणी
आईकडून लेकीकडं उतरतात म्हणे, ऐकलंय कुठंतरी.
वर्षाराणी सेहेचाळीसची. वही चौतीस, पान तीन.

एका बोटानं टाईप केलं: सांगू का?

बराच वेळ घेतला त्यानं.
मग लिहिलं, वह्यांमध्ये याचं उत्तर मिळालं नाही.
एकच नोंद जवळची आहे:
कुणाला बोलायचं नाही.

खरं होतं. माझंच वाक्य मला परत दिलं,
एक अक्षर इकडचं तिकडं न करता.
त्याची तार डब्यात आहे. 
माझ्या जिभेची कुठं आहे?

मी झाकण मिटलं.
दुकानाचा पडदा ओढला, कड्या किंचाळल्या.
बाहेर कोणीतरी म्हशीला हाकलत होतं.
"उठ," म्हटलं, "आधी तुझं माप घेते."
"माझं कशाला? माझं तर आहे तुमच्याकडं."
"हात वर कर."

टेप तिच्या पाठीमागनं पुढं आणला,
दोन्ही टोकं चिमटीत धरली.
विजयमालाबाई, मनात म्हटलं,
एकदाच. आणि फक्त हिच्याजवळ.

छत्तीस. आईचंच.
मी आकडा वहीत लिहिला नाही.
"वर्षा," म्हटलं, "हात खाली घे, बस जरा.
दुहेरी अस्तर का लावतात, सांगते."