बाकी

मे महिन्यात दुपारी इतवारीत कुत्रंही फिरकत नाही.
धकाते भंगारवाल्याने पेटी उघडली.
मखमलीच्या खाचांत काचेचे डोळे, अठ्ठावीस,
जर्मनीहून आलेले, सगळे निळे.

"तपकिरी कवाच खपले," तो म्हणाला,
"निळे कोन घेते बाप्पा नागपुरात?"

घरी माझ्याकडे रक्त काढायची पितळी डबी आहे,
बारा पात्यांची, अजून खटका मारते.
दात उपटायची किल्ली आहे, हाडं कापायची करवत.
बायको त्या कपाटाकडे पाठ करून जेवते.
मी घासाघीस केली,
संत्र्यांची करतात तशी, शेकड्यावर.

कूलरसमोर पेटी पुसताना
खालच्या कप्प्यात एक तपकिरी सापडला,
बोराएवढा.
त्याला गुंडाळलेली चिठ्ठी, कंपाउंडरचं तिरपं अक्षर:
मुलगी, हंसापुरी, वय सात.
आठ आणे जमा. दीड रुपया बाकी.

न्यायला कुणी आलंच नाही.

दिवसभराच्या उन्हाने तो अजून कोमट होता,
तळहातावर ठेवला तर
माझ्याकडे नाही, दाराकडे वळला.

बायकोने चिठ्ठी दोनदा वाचली.
"दुसऱ्या डोळ्याने दिसत होतं ना तिला?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं.
पंखा नुसताच फिरत होता.