श्रोशाची किल्ली

कुताईसीहून तिबिलीसी. अठरा सीटांची गाडी,
आणि माझ्या हिशेबात वाटेवर सात संडास.
प्रवासी डोंगर बघतात, मी दारं मोजतो:
झेस्ताफोनीच्या पंपामागचं, ज्याला कडी नाही,
रिकोतीच्या बोगद्यापाशी, जिथे हिवाळ्यात पाणी दगड होतं,
सुरामीला, गोड रोटी विकणाऱ्या बायांच्या टपऱ्यांमागे,
आणि सगळ्यांत भरवशाचं श्रोशाला,
विकायला मांडलेल्या मडक्यांच्या रांगेआड.
कुलूप त्सियाला कुंभारणीचं.
किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात, मातीने माखलेली.

"आंझोर, परत थांबलास?" मागून कुणीतरी.
"टायर बघतो," मी म्हणायचो.
अकरा वर्षं टायर बघितले.
माझ्या गाडीइतके निरोगी टायर
अख्ख्या इमेरेतीत कुणाचे नसतील.

डॉक्टर म्झियाने रक्त घेतलं, कॅमेरा घातला,
आणि म्हणाली, काही नाही.
काही नाही ऐकून मी रडलो. आनंदाने नव्हे.
तिने खुर्ची जवळ ओढली.
"काही नाही म्हणजे गाठ नाही, जखम नाही.
दुखतं ते खरंच आहे.
तुझं आतडं हळवं आहे, आणि चुगलखोर,
रात्रंदिवस मेंदूला फोन लावतं.
लाईन तोडता येणार नाही. आवाज कमी करू."

मग एक वही दिली. आणि सहा आठवडे
लसूण नको, कांदा नको, राजमा नको, गव्हाचा पाव नको.
आमच्याकडे हे सांगणं म्हणजे
माशाला सांगणं, पाणी जरा कमी कर.
मेहुणी नानुली महिनाभर बोलली नाही.
तिची लोबियोची वाटी मी
हात न लावता परत पाठवली होती.
देवाची कृपा म्हणून मक्याची भाकरी वाचली.

सकाळी पाण्यात इसबगोल.
जेवणाआधी पुदिन्याच्या तेलाची गोळी.
निजताना आणखी एक, इवलीशी,
मोठ्या मापात उदास माणसांना देतात ती.
"मी उदास नाही," मी म्हणालो.
"आतड्याला विचारलंस?" ती म्हणाली.
संध्याकाळी रिओनीच्या काठाने अर्धा तास.
सिग्नलला चार मोजून श्वास आत,
सहा मोजून बाहेर. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

पुतण्याच्या बारशाला तामादा मी.
पेला हातात, ओठांवर पूर्वजांची नावं,
पोटात मात्र दारापर्यंतचा रस्ता, पावलांसकट.
तिसऱ्या टोस्टला काय झालं कोण जाणे,
पूर्वजांना तिथेच सोडून
मी पोटातलं बोललो. सगळं.
वीसेक माणसं. खिंकाली गार होत होती.
मग ऐंशी वर्षांच्या वालिकोकाकांनी टेबलावर हात आपटला:
"मलासुद्धा! लष्करात होतो तेव्हापासून!"
आणि ते उठून गेले, घाईघाईने.

वहीतून:
मंगळवार. राजमा, दोन चमचे. रात्री युद्ध.
शुक्रवार. कांद्याची हिरवी पात. शांत.
रविवार. भांडण, बँकेवरून. जेवण साधंच, तरी युद्ध.
(हे अन्नाच्या रकान्यात कुठे लिहायचं?)
बुधवार. लसूण तेलात परतून काढून टाकला,
नुसतं तेल घेतलं. शांत!
रात्री दोनला बायकोला उठवून सांगितलं.
ती म्हणाली, वाहवा, झोप.

बरा झालो असं नाही.
आठवड्यात पाच दिवस माझे, दोन त्याचे,
कधी तीन.

काल श्रोशाहून न थांबता गेलो.
आरशात दिसलं, त्सियाला रस्त्यापर्यंत आली होती,
किल्ली उंच धरून.
येताना थांबलो. म्हटलं, आज गरज नाही,
एक भांडं दे, झाकणाचं, राजम्याचं.
राजमा बायकोसाठी, मला दोन चमचे.
ती भाव करू लागली. मी भाव करू लागलो.
अठरा माणसं खिडकीतून बघत होती.
आणि बावीस लारीवर सौदा ठरणार
तेवढ्यात आतून ओळखीची कळ आली.

त्सियालाने माझा चेहरा पाहिला.
भांडं बाजूला ठेवलं,
हात खिशात घातला.