तांबडं कुत्रं

शाहू स्टेडियमच्या चुन्याच्या रेषेवर
एकोणीस वर्षं झेंडा घेऊन पळतोय मी.
लोक विचारतात, साळोखे मास्तर,
एकाच वेळी दोन ठिकाणी बघता कसं?
पाय चेंडूला लागतो तिकडं,
शेवटून दुसरा गडी उभा असतो इकडं.
बघत नाही. ऐकतो.
बुटाचा ठप्प कानानं घ्यायचा
आणि डोळे रेषेत पुरून ठेवायचे.
मग बाकीचं मैदान विरघळत जातं,
हलगी, शिट्ट्या, पेठेपेठेच्या शिव्या,
भिंतीवर चढून बसलेली पोरं.
उरतो एक खांदा, एक गुडघा,
मधली वीतभर हवा.

यंदाची फायनल. शेवटची चार मिनिटं.
मी झेंडा वर केला, गोल रद्द झाला,
आणि अर्धं कोल्हापूर
माझ्या आईची चौकशी करू लागलं.

रात्री पुतण्यानं मोबाईल पुढं धरला.
प्रणित सीपीआरला शिकतो, डोळ्यांच्या वॉर्डात.
मी बघितलं: खांदा, गुडघा, वीतभर हवा.
"ऑफसाइडच," म्हटलं.
तो म्हणाला, "काका, कुत्रं."
कुठलं कुत्रं?
परत लावलं.
एक तांबडं कुत्रं, वाकड्या शेपटाचं,
चुन्याच्या रेषेवरनंच चालत येतं,
अगदी माझ्या नजरेच्या वाटेनं,
माझ्या बुटाचा वास घेतं,
जांभई देतं, जातं.
सगळं स्टेडियम हसतंय.
मी तेवढा दगडाचा.

प्रणित म्हणाला, डोळा बिचारा सगळं आणतो.
कुत्रं तुमच्या बुबुळातनं आत गेलतं,
मागच्या पडद्यावर उलटं होऊन उमटलंसुद्धा.
पुढं मेंदूत तालीम भरलेली असते, काका.
दहा जोड्या एकाच मातीत लढतात,
वस्ताद ज्या जोडीच्या पाठीवर थाप देतो
तिला जोर चढतो,
बाकीच्यांचा आपोआप उतरतो.
तुमच्या कुत्र्याला कुणी थाप दिली नाही.

तिसऱ्यांदा मी कुत्र्याच्या मागं गेलो
(आणि या खेपेला झेंडा दिसलाच नाही,
माझाच झेंडा).
ते पायऱ्यांकडं वळलं. खालून तिसरी.
तिथं एक म्हातारा शेंगा सोलत
त्याला नुसतीच फोलपटं दाखवून फसवत होता.
डोक्याला टॉवेल, निळ्या काठाचा.
आमच्या न्हाणीतल्या खिळ्यावरचा.

आबा.
"एका चेंडूमागं बावीस येडी" म्हणणारे,
कुस्ती सोडून कशालाच खेळ न म्हणणारे,
एकोणीस वर्षांत एकदाही मॅचला
न आलेले.
प्रणितकडं जुन्या मॅचेस होत्या.
मी मागितल्या.
दोन बघितल्या, खालून तिसरी पायरी तेवढीच.
पुढची लावू दिली नाही.

आत आबा दुधात भाकरी कुस्करत होते.
मी समोर बसलो. ठरवून बघितलं:
आखाड्यात चुरगळून गेलेला कान,
अंगठ्याच्या नखात अडकलेलं
शेंगदाण्याचं लाल साल.
नख बघत होतो तोवर ते काहीतरी बोलले
आणि निसटलं.
"काय म्हणालासा?"
"ऑफसाइड नव्हता," आबा म्हणाले,
"गडी रेषेतच होता की रं.
तुझं ध्यान सगळं
त्या कुत्र्याकडं."