थर्मास

वेइक्को गेला आणि आठवड्याभरात
तूलिक्कीने घर मोकळं केलं.
स्की पुतण्याला, कुऱ्हाड आम्हाला,
कोट चर्चच्या पेटीत.
हात कुठे अडखळला नाही.
माणूस काय खुंटीला राहतो, म्हणाली.

थर्मास राहिला. कुणी मागितलाच नाही.
हिरवा, कुशीला पोचा आलेला,
बुडाशी खिळ्याने कोरलेलं आडनाव,
शेवटची दोन अक्षरं जागा न पुरून वर चढलेली.

केमीत डिसेंबरचा सूर्य तोंड दाखवण्यापुरता येतो.
त्या अंधारात एकतीस वर्षं
वेइक्को हा घेऊन कागदाच्या गिरणीत गेला,
आणि एकतीस वर्षं आमच्या सामाईक भिंतीतून
संध्याकाळी मला ऐकू यायचं:
कशी होती?
गरम होती.
कधी कधी अख्ख्या दिवसाचं बोलणं तेवढंच.

मार्चात एकदा मीठ मागायला गेले
तर ती ओट्यापाशी उभी.
सहाला उठून सवयीने भरला गं,
आणि ओतून टाकवेना. आता नऊ वाजले. हे बघ.
झाकणात कॉफी ओतली. वाफ नाही.
मी बोट बुडवलं. नळाचं पाणी परवडलं.

मी म्हटलं, जुना झाला, आत्ताच बिघडला असेल.
नाही, ती म्हणाली.
भरला की बाहेरून ऊन लागायचा.
मला वाटायचं, काय छान ऊब धरतो!
मग तिचा अंगठा त्या पोच्यावर गेला.
साइमीने पाच वर्षांची असताना
जिन्यावरून सोडला होता.
साइमी आता चाळिशीला आली.

खोटारडा.
आधी हळू. मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं,
पण भिंतीपलीकडची मी तर इथेच होते.
एक नवा थर्मास! असा काय महाग होता?
मूग गिळून बसायचा मेला
आणि तो शब्द तिच्याच कानावर आला,
तशी थांबली.

बाहेर बर्फ ओढणारा ट्रॅक्टर गल्ली साफ करून गेला.

त्याच्या कोटाचं अस्तर, ती म्हणाली,
डावीकडेच विरायचं. छातीशी.
दरवर्षी तिथे ठिगळ लावत आले,
का, ते कधी विचारलं नाही.

तिने पुन्हा कॉफी केली, उकळती,
थर्मास भरला, बूच आवळलं
आणि स्वेटरच्या आत, डावीकडे, धरून बसली.
गिरणी इथून चालत वीस मिनिटं.
आम्ही घड्याळाकडे पाहिलं नाही,
पण साधारण तेवढाच वेळ गेला असेल.

मग डोळे न उघडता तिने विचारलं,
चर्चची ती पेटी
कुठल्या वारी रिकामी करतात गं?