तिसरा गुरुवार

सोमवारी नको, बाजार बंद.
मंगळवार, शुक्रवार देवीचे.
बुधवारी इंगवल्यांच्या नातवाचं जावळ,
शनिवारी उपास, रविवारी रस्सा.
असा आठवडा संपवून,
अठ्ठावीस कप चहा झाल्यावर
माजगावकर वहिनी म्हणाल्या,
गुरुवार राहिला की ओ.
कुणाला हरकत सुचेना.

मी लिहिलं : सर्वसाधारण सभा,
दर महिन्याचा तिसरा गुरुवार, सकाळी अकरा.
बावीस वर्षं इतिवृत्त लिहितोय.
'तहकूब' हाताला इतका सवयीचा
की थोरलीच्या लग्नात आहेराच्या यादीखाली
तेवढाच शब्द लिहून सही ठोकली होती.

मागच्या बाकावर
सुतारवाड्यातल्या अनसाबाई आडगुळे.
जयंती नाल्याच्या भिंतीचा अर्ज
दुधाच्या पिशवीत, घडीवर फाटलेला.
सहा वेळा आल्या, सहा वेळा सभाच नव्हती.
मी म्हणायचो, मावशी, कळवतो.

आज थांबल्या, खुर्च्या रिकाम्या होईतोवर.
तिसरा म्हंजे कसा? अवसेच्या आत का भाईर?
मला सांगता येईना.
पंधरा ते एकवीस, म्हटलं, त्यातला गुरुवार.
त्यांनी बोटाच्या पेरांवर
मे मोजला, जून मोजला,
आणि जुलैच्या पेरावर अंगठा धरून ठेवला.

ह्या वक्ताला धरा बघा, म्हणाल्या.
पुढं ऑगस्टात आमच्या घरात नदीचीच सभा असती.
तिला काय कोरम लागत न्हाई.

हे इतिवृत्तात घेतलं नाही.
पेनाचं टोपण मात्र
बराच वेळ सापडेना.