फटकी

नंदुरबारच्या मिरची पथारीवर डोळा लाल होणं
कुणी आजारात धरत नाही.
मिरचीचा हात लागला असेल, म्हणाली मुकादमीण.
तीन महिने तेच म्हणाले सगळे,
मोगी वळवी स्वतःही.
धण्याचं पाणी घातलं, दुकानातले थेंब घातले,
आठवडाभर उतरलं,
नवव्या दिवशी परत चढलं.

माझ्यासमोर बसली तेव्हा
डाव्या डोळ्याला सगळं धुरातलं.
हनुवटी टेकवली, पट्टीला कपाळ,
उजेडाची चीर आत सोडली.
काचेच्या आतल्या अंगाला ठिपके,
थिजलेल्या तुपासारखे.
आणि खोल, पडद्याखाली,
पिवळट गाठ एक.

खोकला? नाही. ताप? नाही.
वजन उतरलं? ‘व्हतंच कधी?’
छातीचा फोटो स्वच्छ.
डोळ्यातलं थेंबभर पाणी नाशिकला पाठवलं,
‘सापडलं नाही’ असं लिहून आलं.
सापडलं नाही. नाहीच, असं नव्हे.

मग हातावर बारीक सुई,
भोवती बॉलपेनचा गोल.
तिसऱ्या दिवशी आली, गोल घामाने अर्धा पुसलेला.
या तपासणीत लाली मोजायची नसते,
बोटाने चाचपून टणकपणा मोजायचा.
अठरा मिलिमीटर.
तीन महिने सगळे लालीच मोजत होते.

कागदावर मी लिहिलं, ‘बहुधा’.
बहुधा क्षय, डोळ्याचा.
‘डोयाले बी व्हस का टीबी?’
एका ‘बहुधा’वर नऊ महिन्यांच्या गोळ्या,
सोबत स्टेरॉइड, उतरत्या मापाने.
त्यातली एक गोळी भीतभीतच लिहिली :
जंतू मारता मारता
ती डोळ्यातला रंगही खाऊ शकते,
बहुतेकदा लाल आधी.

म्हणून दर महिन्याला बाटलीचं लाल बूच
एकेका डोळ्यासमोर धरतो.
उजव्याने हे रुपयाचं लाल, तर डाव्याने किती आणे?
आण्यांत तिला जमत नाही, मिरचीत सांगते.
उजव्याने शंकेश्वरी.
डाव्याने फटकी,
ऊन जास्त खाऊन पांढरी पडलेली,
वेगळ्या ढिगातली.

दुसऱ्या महिन्यातही फटकी.
डोळ्याची लाली मात्र गेलेली.
बायका म्हणाल्या, बरी झालीस, सोड गोळ्या.
तिने सोडल्या नाहीत.
गोळी रंग खाते की गाठ अजून बसलीय?
मला सांगता येत नव्हतं. तिने विचारलंही नाही.

आज चौथा महिना. बूच धरलं.
उत्तर येईना.
खिडकीतून खकाणा आला, मी शिंकलो.
ती बघतच होती.
‘फटकी नही,’ म्हणाली.
मग बराच वेळ थांबून,
‘पथारीवर टाकेल शे.
आजून वाळनी नही.’