दुसरी वेलांटी

फित्यातल्या भाडेकरू-कार्यालयात
हीटर टिकटिकतो आहे.
टेबलाच्या या बाजूला हाजेर बोझदा,
कोट काढायला तयार नाही.
त्या बाजूला खालच्या मजल्यावरच्या गुनवोर एकस्ताम,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
मध्ये दुभाषी नुरान, तासाच्या बोलीवर.

तक्रारअर्जात एकच शब्द अधोरेखित:
कलबलीक.
नऊ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा.

लिपिक विचारतो,
तुमच्या घरी त्या दिवशी कलबलीक होती का?
नुरान तोंड उघडायच्या आत
म्हातारी मान डोलावते.
शब्द ओळखीचा. तिच्याच गावचा.
"होती तर! देवाची कृपा.
दारात बूट ठेवायला जागा उरली नव्हती."

लिपिकाचं पेन कागदाला टेकतं:
भाडेकरूला आरोप मान्य.

थांबा, म्हणते नुरान.
दुभाष्याने थांबा म्हणायचं नसतं.

माझ्या लिपीत लिहायचं तर
फरक फक्त वेलांटीचा.
पहिली दिली की तुर्की: कलबलिक, गर्दी,
लग्नातली, बाजारातली, भरल्या घरातली.
दुसरी दिली, ली लांबवली, की स्वीडिश:
दंगा, धुमाकूळ, पोलिसांना फोन.
मराठी कानाला दोन्हींत
खळबळ ऐकू येते, गलबला ऐकू येतो.
नातं असेल नसेल,
चेहरा मात्र जुळतो.

तीनशे वर्षांपूर्वी इथला एक राजा
लढाई हरून सुलतानाच्या मुलखात गेला.
पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
आणि हा राहिला वर्षामागून वर्षं,
पाव उधार, घोड्यांचा चारा उधार.
शेवटी यजमानच चालून आले.
थंडीचेच दिवस होते. छप्पर पेटलं.
त्याची माणसं घरी परतली तेव्हा
सामानात फारसं काही नव्हतं,
हा शब्द होता.
तिथले म्हणाले असतील, केवढी ही गर्दी!
यांनी ऐकलं, केवढा हा कहर.
जिच्या वाटेत आपण उभे असतो
ती गर्दी अशीच कळते.

नुरानला हे सगळं माहीत आहे,
पण सरकार तिला शब्दाचे पैसे देतं,
त्याच्या प्रवासखर्चाचे नाही.
ती फक्त विचारते, अधिकारात नसलेला प्रश्न:
हाजेर हानम, कशासाठी जमले होते सगळे?

"चाळिसावा होता ना, आमच्या शाबानचा.
रव्याचा हलवा केला, चार किलो.
दीर कोन्याहून आला.
हलवा संपला, चहा संपला, तरी कुणी उठेना.
मी एकटी पडू नये म्हणून बसले होते.
यालाच म्हणतात ना ते?"

नुरान भाषांतर करते.
हलवा सोपा जातो.
चाळिसावा अडतो; स्वीडिशमध्ये
ती नुसती संख्या आहे,
एकोणचाळीस आणि एक्केचाळीस यांच्यामधली.

गुनवोर पर्सची चेन उघडते, मिटते.
कोण? जिन्यावरचा बर्फ काढायचा तो?
हो.
म्हणून तर.
नव्या वर्षापासून पायऱ्या तशाच आहेत.
मी त्याबद्दलही अर्ज केला होता.

हीटर टिकटिकतो.
छापील फॉर्मात 'उपद्रवाचा प्रकार' असा रकाना,
पुढे पाच चौकोन.
लिपिक पाचही वाचतो, परत वाचतो,
'इतर'वर फुली मारतो
आणि समोरची ओळ कोरी सोडतो.

उठताना गुनवोर हळूच विचारते,
ती कसा म्हणते तो शब्द?
नुरान म्हणून दाखवते,
शेवटचा स्वर घशात मागे सोडून.
बाई दोनदा प्रयत्न करते.
दोन्ही वेळा दुसरीच वेलांटी.

हाजेरला ऐकू जातं. ती सुधारत नाही.
येताना थोडा हलवा करून आणायला हवा होता,
एवढंच म्हणते तुर्कीत, कोटाची कॉलर वर ओढत,
आणि ते भाषांतराशिवाय राहतं,
कारण नुरानचा तास
दोन मिनिटांपूर्वी संपलेला असतो.